फांदी अडकून मागचा डिरेलर वळला, हँगर आणि चेन बदलली तरी चढावर चेन उडतेय (ई-एमटीबी)

दगडवाट:

नमस्कार मंडळी, जरा लांब लिहितोय पण अर्धवट सांगितलं तर कुणालाच अंदाज यायचा नाही. माझी फुल सस्पेन्शन ई-एमटीबी (मोटर असलेली डोंगरी सायकल) आहे, मोटर क्रँकपाशी (पेडल ज्या दांड्याला असतात तिथे), ८५ न्यूटन मीटरची, पुढे ३४ दातांची चेनरिंग आणि मागे शिमानोचा १२ स्पीड साधा केबलवाला सेट, कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा गठ्ठा) १०-५१, म्हणजे सगळ्यात लहान चकतीला १० आणि मोठीला ५१ दात. झाडीतल्या एका छोट्या चढावर वाळकी जाड फांदी मागच्या चाकात गेली, मी पाय लगेच थांबवले पण मोटरने पाय थांबल्यावरही क्षणभर ओढलंच आणि तेवढ्यात डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) मागून वर वळला, चेन सगळ्यात मोठ्या चकतीच्याही आत जाऊन स्पोक आणि कॅसेटच्या मधे अशी घट्ट बसली की चाक काढल्याशिवाय सुटली नाही.

हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा, तुटला नव्हता, वाकला होता. तो बदलून नवीन टाकला. चेनच्या दोन कड्या पिळल्या गेल्या होत्या म्हणून चेन पण नवीन, तेवढ्याच लांबीची. डिरेलर जुनाच ठेवलाय, बाहेरून खरचटलाय पण चालतो.

आता झालंय असं की स्टँडवर सगळे गिअर मस्त पडतात, सपाटीवर इको मोडमध्ये (मोटरची मदत कमी) काही त्रास नाही, पण उभ्या चढावर बूस्ट (पूर्ण मदत) लावून जोर दिला की खटॅक करून काहीतरी सुटतं आणि पाय एकदम पुढे जातो, दोनदा तर छाती हँडलवर आपटता आपटता राहिली. त्यात भर म्हणजे मधेच डिस्प्लेवर स्पीड सेन्सरची वॉर्निंग येते आणि मोटर मदत बंद करते, बंद करून चालू केली की थोडा वेळ बरी.

एका ठिकाणी दाखवली तर त्यांनी काही न खोलताच सांगितलं की फ्रीहब (मागच्या हबमधला, पाय थांबले तरी चाक फिरू देणारा भाग) गेलाय, मोटरलाही धक्का बसला असणार, पूर्ण मागचं चाक आणि मागचा सगळा सेट बदला. मला ते पटत नाहीये. बदलायचं ते बदलेन पण आधी कळू तरी दे नक्की काय गेलंय. घरी ॲलन कीचा सेट, चेन तोडायचं हत्यार आणि टॉर्क पाना आहे, कॅसेट खोलायची हत्यारं मित्राकडून मिळतील. कुठून सुरुवात करू?

उभा_चढ:

भाऊ मला तरी हे फ्रीहबचंच वाटतंय. पाय एकदम पुढे जातो म्हणजे आतली खिट्टी दातात नीट बसत नाही आणि जोर आला की सुटते. मधली मोटर असलेल्या सायकलला हबवर जो ताण येतो तो साध्या सायकलच्या हबने कधी बघितलेलाच नसतो, म्हणून तर डीटी स्विस सारखे लोक ई-बाइकसाठी वेगळे हायब्रिड हब काढतात, स्टीलची फ्रीहब बॉडी आणि रॅचेटला (आतल्या दातेरी कडीला) २४च दात, कारण दात कमी म्हणजे प्रत्येक दात मोठा आणि पकड जास्त. तुमच्या केसमध्ये चेन जाम झालेली असताना मोटरने ओढलंय, तो झटका हबच्याच पोटात गेला असणार. चाक काढून कॅसेट हाताने उलटी फिरवून बघा, आवाज एकसारखा कट कट कट येतोय की मधेच गाळतोय. मधेच गाळत असेल तर खिट्टीची स्प्रिंग सुटली असेल नाहीतर टोक उडालं असेल.

मोटरला काही झालं नसणार. चेन जाम झाली तर आधी चेन, डिरेलर, हँगर मरतात, मोटर त्या मानाने मजबूत असते.

आरे_धाव:

दगडवाट, थांबा, अजून काहीही विकत घेऊ नका. उभा_चढ म्हणतात ते शक्य आहे पण तुम्ही जे सांगितलंय त्यातून फ्रीहब की चेन हे ठरतच नाही, दोन्हीला पायाला तसाच झटका बसतो. ठरवायच्या सोप्या गोष्टी आहेत आणि त्या फुकट आहेत.

सगळ्यात आधी बॅटरी बाहेर काढा. नुसतं बटण बंद नाही, बॅटरीच बाहेर. चेनमध्ये बोटं असताना मोटर जागी झाली तर बोट जातं, हे मी प्रत्येकाला सांगतो आणि सांगत राहणार.

पहिला प्रश्न, झटका सगळ्या गिअरला येतो की ठराविक? चढावर गेल्यावर मुद्दाम एकेका गिअरला तोच जोर देऊन बघा, अर्थात बसून आणि हळू, उभं राहून नाही. फ्रीहब गेला असेल तर त्याला कुठली चकती चालू आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं, तो सगळीकडे सुटणार, आणि सगळ्यात मोठ्या चकतीवर तर जास्तच कारण तिथे हबवर येणारा पीळ सगळ्यात मोठा. चेन उडत असेल तर ती ठराविक दोन तीन चकत्यांवरच उडते, साधारण ज्या तुम्ही सगळ्यात जास्त वापरता त्याच.

दुसरं, पांढऱ्या मार्करने किंवा नेलपॉलिशने कॅसेटच्या सगळ्यात मोठ्या चकतीवर एक रेघ मारा आणि तिच्या बरोबर समोर जो स्पोक येतो त्यावर दुसरी. पेडल पुढे दाबून चेन ताणलेली असताना मारा म्हणजे फ्रीहबचा जो नेहमीचा थोडा मोकळेपणा असतो तो निघून गेलेला असतो. आता मागचा ब्रेक घट्ट धरा, कुणालातरी सायकल पुढून धरायला सांगा आणि क्रँक आडवा ठेवून पेडलवर हळूहळू अख्खं वजन द्या. फ्रीहब सुटला तर कॅसेट फिरेल, चाक जागेवर राहील आणि दोन्ही रेघा एकमेकांपासून सरकतील. रेघा हलल्या नाहीत पण चेन दातावर चढताना दिसली तर हब बरा आहे. वजन देताना पायाचा घोटा आणि नडगी सांभाळा, सुटलं तर एकदम सुटतं.

तिसरं, आणि माझ्या मते हेच सगळ्यात महत्त्वाचं. जुनी चेन फेकली नसेल तर ती शोधा. पिळलेल्या कड्या सोडून बाकीचा सरळ भाग टेबलावर ताणून ठेवा आणि स्टीलच्या पट्टीने एका पिनच्या मध्यापासून २४ पिन पुढच्या पिनच्या मध्यापर्यंत मोजा. नव्या चेनमध्ये हे अंतर ३०४.८ मिमी असतं, कारण दोन पिनमधलं अंतर १२.७ मिमी. १२ स्पीडला अर्धा टक्का म्हणजे ३०६.३ च्या आसपास गेली की चेन बदलायची असते. ३०८ दिसलं तर एक टक्क्याच्या पुढे गेली, म्हणजे तिने कॅसेटचे दात पण आपल्यासारखे झिजवून ठेवलेत, आणि मग त्या कॅसेटवर नवीन चेन बसणार नाही. जुनी झिजलेली चेन आणि झिजलेली कॅसेट एकमेकांना सांभाळून घेत होत्या, नवीन चेन टाकली की ते बिंग फुटतं.

हे करा आणि आकडे इथे टाका.

तेलपाणी:

इकोमध्ये का होत नाही आणि बूस्टमध्ये का होतं हे जरा आकड्यात सांगतो कारण यावरून बरंच समजतं. ३४ दातांच्या चेनरिंगची त्रिज्या येते साधारण ६९ मिमी. ८५ न्यूटन मीटरची मोटर पूर्ण जोरात असेल तर नुसत्या मोटरमुळे चेनवर ताण येतो १२३० न्यूटन, म्हणजे सव्वाशे किलोचं वजन चेनला टांगल्यासारखं. त्यात ७५ किलोचा माणूस १६५ मिमीच्या क्रँकवर उभा राहिला तर त्याचे आणखी १८० किलो. दोन्ही मिळून ३०० किलोच्या आसपास, आणि हे सगळं चेनच्या त्या वेळी पकडलेल्या मोजक्या दातांवर. इकोमध्ये मोटर याच्या थोड्याच भागाएवढं देते आणि आपण बसलेले असतो. तेव्हा झिजलेला दात हलक्या ताणाला चेन धरून ठेवतो आणि जोराच्या ताणाला चेन त्याच्या उतारावरून वर चढते. स्टँडवर तर ताण जवळजवळ नसतोच, म्हणून स्टँडवर गिअर मस्त पडतात याचा अर्थ काहीच सिद्ध होत नाही.

आता हँगरबद्दल. नवीन हँगर टाकला म्हणजे तो सरळच बसला असं धरून चालू नका. एवढ्या झटक्यात हँगर जिथे बसतो ती फ्रेमची जागा थोडी दबलेली असू शकते, किंवा हँगर आणि फ्रेमच्या मधे मातीचा कण राहिलेला असू शकतो. हँगर तपासायचं गेज मिळतं, लांब दांडा असतो, डिरेलर काढून त्याच्या भोकात फिरवून बसवायचा आणि रिमपासून अंतर चार ठिकाणी बघायचं, वर खाली पुढे मागे. प्रत्येक वेळी चाक फिरवून रिमचा तोच एक बिंदू दांड्यासमोर आणायचा, नाहीतर रिमच वाकडी असेल तर हँगर उगाच बदनाम होतो. चारही ठिकाणी फरक ४ मिमीच्या आत पाहिजे, १२ स्पीडला मी तर त्याहून कमीच ठेवतो.

तुमच्या फ्रेमला यूडीएच हँगर असेल, २०१९ मध्ये स्रॅमने आणलेला तो सगळ्यांना चालणारा प्रकार, तर त्याच्या बोल्टचे आटे उलटे असतात हे लक्षात ठेवा आणि टॉर्क २५ न्यूटन मीटर. आवळताना हँगर फ्रेमवरच्या स्टॉपला टेकलेला पाहिजे. डिरेलरचा स्वतःचा बोल्ट मात्र सरळ आट्यांचा, तो ८ ते १० न्यूटन मीटर. यूडीएचची कल्पनाच अशी आहे की मार बसला की डिरेलर मागे फिरून वाचतो आणि फारच झालं तर हँगर मरतो पण फ्रेम वाचते, घरातल्या फ्यूजसारखं काम आहे त्याचं. म्हणून वाकलेला हँगर वाकवून सरळ करून परत वापरू नका, ॲल्युमिनियम एकदा वाकून सरळ केलं की बोल्टच्या भोकापाशी बारीक चीर धरते आणि पुढच्या जोराला तिथूनच जातं. रानात अडकलात तर घरी येण्यापुरतं ठीक.

उभा_चढ:

जुन्या डिरेलरबद्दल कुणी बोललं नाही अजून. माझं मत, तो ठेवावा. एवढ्या महागाच्या वस्तूचे सुटे भाग मिळतात, पिंजरा (चेन ताणून धरणारा खालचा भाग) मिळतो, पुली (त्यातली छोटी चाकं) मिळतात, सगळं टाकून द्यायची गरज नाही.

तेलपाणी:

ठेवा की, पण तपासून ठेवा. हँगर गेजने सरळ आहे हे नक्की झाल्यावरच डिरेलर बघायचा, आधी नाही, कारण हँगर वाकडा असेल तर चांगला डिरेलर पण वाकडाच दिसतो. मग सायकलच्या मागे बसून एक डोळा मिटून बघायचं, वरची पुली, खालची पुली आणि ज्या चकतीवर चेन आहे ती चकती, तिन्ही एका रेषेत पाहिजेत. पिंजऱ्याचं खालचं टोक स्पोकांकडे वळलेलं दिसलं तर पिंजरा पिळलाय. तो हाताने सरळ करता येतो पण १२ स्पीडला चकत्यांमधली जागा इतकी कमी असते की डोळ्याला सरळ वाटलं तरी मधल्या दोन गिअरला कुरकुर राहतेच. पिंजरा बदलायला मिळत असेल तर तो बदलावा.

पुढची गोष्ट, पिंजरा धरून आत बाहेर हलवा. थोडा खेळ सगळ्यात असतो पण सांध्यात खटखट लागत असेल, म्हणजे समांतर पट्ट्यांच्या पिनमध्ये, तर त्याला उपाय नाही, तो डिरेलर कितीही ट्यून करा आज नीट आणि उद्या बिघडलेला असंच चालणार. क्लच (पिंजरा उगाच हलू न देणारी यंत्रणा) चालू करून पिंजरा पुढे ओढा, घट्ट आणि एकसारखा ओढला जायला पाहिजे. वरच्या पुलीला बाजूला थोडी सरकायची मुभा मुद्दाम दिलेली असते, ती बिघाड समजू नका.

निळी_फ्रेम:

स्पीड सेन्सरचं मी सांगते. ती वॉर्निंग बहुतेक वेळा मोटरची नसते, चुंबकाची असते. मागच्या चाकाला स्पोकवर किंवा डिस्कच्या मधे किंवा रिमवर एक चुंबक असतो आणि चेनस्टेवर (क्रँकपासून मागच्या चाकापर्यंत जाणारी फ्रेमची नळी) नाहीतर ड्रॉपआउटपाशी (चाकाचा आस बसतो तिथे) सेन्सर. चाक काढून परत बसवताना स्पोकवरचा चुंबक फिरतो किंवा खाली घसरतो आणि मग मोटरला वाटतं चाक फिरतच नाहीये. पेडलवर जोर आहे, क्रँक फिरतोय आणि चाकाचा सिग्नल नाही, असं दिसलं की मोटर मदत बंद करते. बॉशच्या आधीच्या सिस्टीमवर याला ५०३ नंबरची एरर येते, आणि त्यांच्या स्पोकवाल्या चुंबकाला सेन्सरपासूनचं अंतर ५ ते १७ मिमी सांगितलेलं आहे. तुमच्या सिस्टीमचं अंतर तिच्या पुस्तिकेत असेल, ते बघून चुंबक सेन्सरवरच्या खुणेसमोर आणा आणि स्क्रू आवळा. सेन्सरला चिकटलेला लोखंडाचा चुरा आणि चिखल पुसा. आणि सेन्सरपासून मोटरपर्यंतची वायर बोट फिरवून बघा, फांदी त्याच भागातून गेलीये, वायर खरचटली किंवा चेनस्टेच्या खाली दबली असेल तर खड्ड्यात वॉर्निंग येणार आणि सपाटीला नाही.

अजून एक, फुल सस्पेन्शन आहे म्हणून विचारते, नवीन चेन जुन्या एवढीच कापली म्हणता पण जुनी बरोबर लांबीची होती हे कधी बघितलंय का? मागचं सस्पेन्शन दबलं की बहुतेक फ्रेममध्ये कॅसेट आणि चेनरिंगमधलं अंतर वाढतं. चेन आखूड असेल आणि मोठ्या चकतीवर असताना सस्पेन्शन पूर्ण दबलं तर डिरेलर मुळासकट ओढला जातो, मग फांदीची पण गरज नाही. शॉकमधली हवा सोडून सायकल पूर्ण दाबा, चेन ५१ वर घेऊन बघा, पिंजरा पूर्ण ताणून सरळ झालेला नको, थोडा वाकलेला राहायला पाहिजे.

दगडवाट:

सगळ्यांचे खरंच आभार, एवढं नीट कुणी सांगितलं नव्हतं. सगळं करून बघितलं, सांगतो.

चढावर एकेक गिअर बघितला. ५१, ४५, ३९, ३३ वर कितीही जोर दिला तरी काही नाही. २८ आणि २४ ठीक. २१, १८ आणि १६ वर खटॅक, त्यातल्या त्यात १८ वर सगळ्यात जास्त. १४ च्या खाली चढावर जोर देताच येत नाही म्हणून माहीत नाही.

रेघा मारून ब्रेक धरून वजन दिलं, रेघा जागच्या जागी. १८ वर असताना मात्र चेन डोळ्यादेखत दातावर चढली आणि उडाली, भावाने मोबाइलवर शूट केलंय, स्पष्ट दिसतंय. चाक काढून कॅसेट उलटी फिरवली, आवाज एकसारखा.

जुनी चेन मोजली. ३०८ च्या किंचित पुढे.

चुंबक खरंच फिरलेला होता, सेन्सरपासून लांब गेला होता. सरळ करून आवळला, त्यानंतर वॉर्निंग आली नाही. वायर ठीक आहे. शॉकची हवा काढून चेन बघितली, लांबी बरोबर आहे.

हँगरचं गेज अजून मिळालेलं नाही, मिळवतोय. यूडीएचच आहे.

आरे_धाव:

मग झालं की निदान. फ्रीहब चांगला, मोटर चांगली, कॅसेट झिजलेली. फांदीने चेन मारली नसती तर तुम्ही त्याच जुन्या चेनवर अजून काही दिवस फिरला असता आणि पत्ता लागला नसता, अपघाताने फक्त ते उघडं पाडलं. १६, १८, २१ च का, तर ई-बाइकवर मोटर जोर देते म्हणून आपण गिअर हलका करत नाही, मधल्या तीन चकत्यांवरच सगळं रान फिरतो, आणि चकती लहान म्हणजे तेवढाच ताण कमी दातांवर. साध्या एमटीबीवर आपले पाय भरून येतात म्हणून आपण मोठ्या चकत्या वापरतो आणि झीज वाटली जाते.

नवीन कॅसेट घेताना वजनाचा विचार करू नका. शिमानोच्या वरच्या ग्रेडमध्ये वजन कमी करायला मोठ्या चकत्या ॲल्युमिनियमच्या करतात, डिओरच्या १०-५१ मध्ये सगळ्या स्टीलच्या आहेत, बॅटरी आणि मोटर घेऊन फिरणाऱ्या सायकलला तो पाव किलोच्या आतला फरक कळत नाही पण झीज कळते. नवीन चेन तुम्ही या झिजलेल्या कॅसेटवर फार चालवली नसेल तर तीच राहू द्या, पण पट्टीने एकदा मोजा. ती चेन दिशेची असते, अक्षरं लिहिलेली बाजू बाहेर पाहिजे, तेही बघून घ्या. आणि चेन परत जोडताना क्विक लिंक (चेनची दोन टोकं जोडणारी कडी) नवी वापरा, १२ स्पीडची लिंक एकदाच वापरायची म्हणून बनवलेली असते.

आता जे तुम्ही अजून बघितलेलं नाही ते सांगतो. चेन आत जाऊन स्पोक आणि कॅसेटच्या मधे अडकली होती ना? तर कॅसेट काढल्यावर उजव्या बाजूचा एकेक स्पोक हबच्या वाकापासून एक दोन बोटं वरपर्यंत नखाने चाचपा. तिथे चेनने खाच पाडलेली असते आणि कॅसेटच्या आड ती दिसत नाही. मागच्या चाकाचे उजवीकडचे स्पोक सगळ्यात जास्त ताणलेले असतात, मोटरचा बराचसा पीळ पण त्यातून रिमला जातो, खाच पडलेला स्पोक आज तुटणार नाही, बऱ्याच दिवसांनी एखाद्या चढावर तुटेल. मला या सगळ्या प्रकरणात खरी काळजी वाटते ती याचीच, चेन उडाली तर निदान कळतं तरी.

फ्रीहबच्या बॉडीवरही नजर टाका, ॲल्युमिनियमची असेल तर चकत्यांनी तिच्या खाचांना चावे घेतलेले दिसतील. मायक्रोस्प्लाइनला (शिमानोच्या १२ स्पीडच्या फ्रीहबचा प्रकार) खाचा जास्त आणि बारीक आहेत म्हणून कमी होतं पण होतं. वर आलेली कड बारीक कानशीने हलकी घासून सपाट करा, नाहीतर नवीन कॅसेट नीट आत बसणार नाही. लॉकरिंग (कॅसेट जागी धरणारी रिंग) ४० न्यूटन मीटर, अंदाजाने नाही, टॉर्क पान्याने.

उभा_चढ:

रेघा हलल्या नाहीत म्हणजे हब निर्दोष ठरला, मला फक्त चांगलंच वाटलं, चाक वाचलं. ब्रेक धरून रेघेचा उपाय मी पण लिहून ठेवला.

एक विचारायचं होतं सगळ्यांनाच. एवढं सगळं बदलायचंच आहे तर लिंकग्लाइडवर (शिमानोचा जास्त टिकाऊ गिअर सेट) जावं का? शिमानो म्हणतं तीनपट टिकतं. दात जाड असतात आणि ई-बाइकसाठी योग्य वाटतं.

तेलपाणी:

वस्तू चांगली आहे, जोर देऊन गिअर बदलला तरी शांतपणे पडतो हा तर मोठा फायदा आहे. पण नुसती कॅसेट बदलून चालत नाही. लिंकग्लाइड ११, १० किंवा ९ स्पीड आहे, केबल किती ओढायची ते गणित वेगळं, म्हणजे शिफ्टर आणि डिरेलर दोन्ही लिंकग्लाइडचे लागतात, चेन ११ स्पीडची लागते आणि कॅसेट एचजी (शिमानोच्या जुन्या प्रकारच्या) फ्रीहबवर बसते, मायक्रोस्प्लाइनवर नाही, म्हणजे फ्रीहब बॉडी पण बदला. दगडवाटांचा डिरेलर मेला असता तर मी त्यांना हेच सांगितलं असतं. आता हँगर गेजने बघून डिरेलर ठीक निघाला तर फक्त कॅसेट टाकणं शहाणपणाचं.

निळी_फ्रेम:

कॅसेट बसवल्यावर डिरेलरची वरची पुली आणि मोठ्या चकतीमधलं अंतर सेट करताना कुणालातरी सायकलवर बसवून करा. फुल सस्पेन्शनला माणूस बसल्यावर मागचं दबतं आणि ते अंतर बदलतं. रिकाम्या सायकलवर सेट केलं तर बसल्यावर चुकतं आणि मग आपण केबलचा ताण कमी जास्त करत बसतो. क्रम पण तोच ठेवा, आधी दोन्ही लिमिट स्क्रू (डिरेलर आत बाहेर किती जाईल ते ठरवणारे), मग हे अंतर, सगळ्यात शेवटी केबल. आतल्या बाजूचा लिमिट स्क्रू नवीन हँगरवर परत तपासायलाच हवा, जुन्या हँगरला जिथे होता तिथेच सोडला तर चेन परत स्पोकांत जाऊ शकते, आणि यावेळी फांदी नसतानाच.

दगडवाट:

कॅसेट काढली. आरे_धाव, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. उजव्या बाजूच्या चार स्पोकवर खाचा आहेत, दोन तर नख अडकेल एवढ्या खोल, बाकी दोनवर नुसते ओरखडे. फ्रीहब बॉडीवर बारीक चावे आहेत, कानस मारून सपाट केले. १८ ची चकती हातात धरून नव्या चकतीशेजारी बघितली, दातांची एक बाजू आडवी झालीये, फरक उघड दिसतो, आधी गाडीवर असताना मला काही दिसत नव्हतं.

हँगर गेजने बघितला, सगळ्यात जास्त फरक ३ मिमीच्या आत. डिरेलरचा पिंजरा मात्र खालून आत वळलाय, तो नवा मागवतोय. सांध्यात खेळ नाही.

आता दोन प्रश्न. चारही स्पोक बदलू की दोनच? आणि हे घरी जमेल का, चाक डुगडुगायला लागेल याची भीती वाटते. आणि परत असं रानात झालं तर घरी कसं यायचं, त्या दिवशी वॉक मोड (ढकलताना मोटरची मदत) लावून ढकलत आणायचा प्रयत्न केला तर लटकलेला डिरेलर परत आत ओढला जायला लागला म्हणून बंद केला.

आरे_धाव:

चारही बदला. ओरखडा आणि खाच यातला फरक बोटाने ठरवण्याइतकी मोटर दयाळू नसते. घरी जमतं, एका वेळी एकच स्पोक काढायचा. काढण्याआधी शेजारचे स्पोक बोटाने छेडून आवाज लक्षात ठेवा, नवीन स्पोक त्याच बाजूच्या शेजाऱ्यांच्या आवाजाला येईपर्यंत ताणा, मग पुढचा. उजव्या आणि डाव्या बाजूचा आवाज वेगळाच असतो, त्यांची तुलना करू नका. लांबी जुना स्पोक मोजून तीच घ्या, जाडी पण तीच. आट्यांना आणि निपलच्या (स्पोकचं रिमपाशी फिरणारं नट) बुडाला थेंबभर तेल लावा. चौघे झाल्यावर चाक सायकलवर लावून ब्रेक पॅड किंवा केबल टायला रिमचा खुणेचा काटा करून बघा, कुठे डावीउजवीकडे जातंय ते. पाव फेऱ्याच्या वर एका वेळी निपल फिरवू नका. पहिल्या एक दोन राइडनंतर परत एकदा सगळे स्पोक छेडून बघायचे, नवीन स्पोक वाकापाशी बसतात आणि थोडे सैल होतात.

रानातल्याबद्दल. वॉक मोड अजिबात नाही, बरोबर केलंत. डिरेलर लटकत असेल तर चेनची लिंक उघडा किंवा चेन तोडा, चेन पूर्ण काढून बॅगेत टाका, डिरेलर झिप टायने चेनस्टेला घट्ट बांधा आणि सायकल ढकलत आणा, उतार असेल तर बसून या. साध्या हार्डटेलवर (मागे सस्पेन्शन नसलेल्या सायकलवर) लोक चेन आखूड करून एका गिअरवर घरी येतात, पण फुल सस्पेन्शनवर चेनचा ताण बदलत राहतो आणि मोटरचा जोर आला की ती बाजूच्या मोठ्या चकतीवर चढते आणि तिथे आखूड पडून सगळंच ओढून घेते. ते करू नका.

तेलपाणी:

यात एकच भर. बॅगेत एक जादा यूडीएच हँगर, दोन क्विक लिंक आणि चार झिप टाय ठेवा. हँगर रानात बदलायचा तर टॉर्क पाना नसतो, हाताने घट्ट करा आणि घरी आल्यावर २५ ला आवळा, उलटे आटे विसरू नका, तिथेच लोक दमून भलतीकडे जोर लावतात आणि बोल्टचं तोंड गोल करून बसतात.

दगडवाट:

स्पोक, पिंजरा आणि स्टीलवाली कॅसेट, तिन्ही मागवलं. चाक बांधून झालं की १८ वर त्याच चढावर बूस्ट लावून बघतो, आधी बसून.